देडतलाईच्या वाटेवरचा डिंक

बऱ्हाणपूर सोडून धारणीच्या दिशेने निघालेल्या प्रवाशास प्रथम केळीचे मळे व कापसाची शेते लागतात. पुढे जमीन हळूहळू उंचावते आणि सातपुड्याचे रान सुरू होते. या रानात, मध्यप्रदेशाच्या सीमेलगत, देडतलाई हे गाव आहे. पलीकडे मेळघाट, म्हणजे अमरावती जिल्हा. १९५६ पूर्वी निमाड आणि वऱ्हाड एकाच प्रांतात होते. राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, निमाड मध्यप्रदेशात राहिला आणि जिल्ह्याची हद्द राज्याची सीमा झाली. पुढे २००३ साली खंडव्यातून बऱ्हाणपूर जिल्हा वेगळा करण्यात आला. माणसांच्या बोलण्याला मात्र या रेषा ठाऊक नसतात. हिंदी, निमाडी, मराठी आणि कोरकू या चारही भाषा या टापूत कानी पडतात.

उन्हाळ्याच्या तोंडी या वाटेने जावे. सागाची पाने झडलेली असतात, पळस फुललेला असतो आणि डोंगरउतारांवर सालईची निष्पर्ण झाडे उभी असतात. कागदाप्रमाणे पातळ पापुद्रे सुटणारी त्यांची साल दुरूनही ओळखू येते. याच सालईच्या लाकडावर नेपानगरचा कारखाना उभा राहिला. वर्तमानपत्राचा कागद तयार करणारा हा देशातील पहिला कारखाना पंडित नेहरूंनी १९५६ साली राष्ट्रास अर्पण केला.

सालईचे दुसरे देणे म्हणजे तिचा डिंक. खोडावर खाच घेतली की पिवळसर, चिकट, सुगंधी स्राव पाझरू लागतो. हिवाळ्याच्या आरंभापासून पावसाळ्यापर्यंत तो गोळा करतात. आयुर्वेद या वृक्षास शल्लकी म्हणतो. धुपाच्या रूपाने त्याचा गंध आपल्या देवघरांत पोचलेला आहे. शेजारीच धावडा असतो. बाळंतिणीच्या लाडवांत आपण जो डिंक घालतो, तो पुष्कळदा याच झाडाचा. कोरकू कुटुंबांना शेतीची कामे नसलेल्या दिवसांत या वेचणीचा आधार असतो. खाच उथळ व अरुंद असली तर झाडाची जखम भरून येते. लोभाने खोल किंवा खोडाभोवती घेतली तर झाड वाळते, आणि त्याबरोबर पुढील वर्षांची मिळकतही. म्हणून खाच कशी घ्यावी, यावर झाड आणि कुटुंब दोन्ही अवलंबून असतात.

वाचक भगिनी म्हणतील की, हे सारे खरे, पण डिंकाचा आमच्याशी संबंध येतो तो मुलांच्या सदऱ्यावर चिकटलेल्या च्युइंगमच्या रूपाने! तोही डिंकाचाच भाऊबंद आहे. मेक्सिको व मध्य अमेरिकेतील माया आणि अझ्टेक लोक चिकूच्या झाडाचा वाळलेला चीक चघळीत. त्या चिकास चिकल म्हणतात. आपल्या ‘चिकू’ या नावाचे मूळही तेथेच सापडते. न्यूयॉर्कच्या टॉमस अॅडम्स याने १८७१ मध्ये तो चीक मळून चघळण्याचा डिंक तयार करणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर झाडाच्या चिकाची जागा बहुतेक ठिकाणी खनिज तेलापासून बनणाऱ्या रबरसदृश पदार्थांनी घेतली. तो कुजत नाही आणि पाण्यात विरघळत नाही. सिंगापूरने १९९२ साली त्याच्या आयातीवर बंदी घातली, ती या चिकटपणाला कंटाळूनच. आपल्याकडे बसच्या बाकाखाली आणि शाळेच्या डेस्कखाली तो हमखास आढळतो, आणि तेथून धोतरावर, लुगड्यावर येतो.

या तीन डिंकांचे स्वभाव भिन्न आहेत. म्हणून ते काढण्याची रीतही भिन्न. धावड्याचा डिंक पाण्याचा सोबती आहे. त्याचा डाग पडल्यास कपडा काही तास साध्या पाण्यात भिजवावा. डिंक फुगून सुटतो. सालईच्या डिंकात राळ व तेलही असते, त्यामुळे नुसते पाणी पुरत नाही. जाड थर खरवडून, उरलेल्या डागावर स्पिरिटचा बोळा टिपावा व नंतर साबणाने धुवावे. च्युइंगमला यांपैकी पाणी मुळीच लागू पडत नाही. गरम पाणी तर घातकच. उष्णतेने तो मऊ होऊन धाग्यांच्या आत शिरतो. त्याला गारवा हवा. बर्फाचा खडा पातळ पिशवीत घालून डागावर दहा-पंधरा मिनिटे धरावा, किंवा कपडा तास-दोन तास शीतपेटीच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवावा. थंडीने तो काचेसारखा ठिसूळ होतो. मग चमच्याच्या कडेने किंवा बोथट सुरीने अलगद खरवडल्यास तुकडे उडून येतात. उरलेल्या ठशावर खोबरेल किंवा गोडे तेल चोळावे. फणस चिरण्यापूर्वी कोकणात हाताला तेल लावतात, त्यामागे हेच तत्त्व आहे; चीक आणि तेल यांचे जमते. तेलाचा डाग शेवटी साबणाने जातो. रेशमी अथवा जरीच्या वस्त्रावर मात्र तेलाचा व खरवडण्याचा प्रयोग करू नये. बर्फाने जेवढे सुटेल तेवढे सोडवून बाकीचे जाणत्या धुलाईवाल्याकडे द्यावे. रॉकेल वापरण्याची सवय काही घरांत आहे. चुलीजवळ ती जिवावर बेतू शकते.

याच रानात बिब्बाही होतो. परीट लोक त्याच्या रसाने कपड्यांवर खुणा करीत, कारण तो डाग कधीच जात नसे. एकाच जंगलात पाण्याने जाणारा डिंक आहे आणि काही केल्या न जाणारी शाईदेखील आहे.

डिंक हा कपड्याचा शत्रूच, असा समज मात्र करून घेऊ नये. बऱ्हाणपूर हे जुन्या काळापासून वस्त्रांचे गाव. सतराव्या शतकात फ्रेंच व्यापारी ताव्हर्निये याने येथील तलम कापड इराण, तुर्कस्तान व पोलंडपर्यंत जात असल्याचे लिहून ठेवले आहे. १९०६ साली तेथे ताप्ती मिल निघाली. यंत्रमागांचा खडखडाट तर तेथे आजही ऐकू येतो. आणि छिटाच्या छपाईत रंग दाट होऊन नक्षी पसरू नये म्हणून धावड्याचा डिंक वापरीत असत. ज्या डिंकाने कापडावर फूल उमटत असे, तोच नको तेथे लागला की डाग ठरतो.

देडतलाईच्या बाजूला जाण्याचा योग आला तर रानातील सालईचे एखादे झाड जवळून अवश्य पाहावे. खाचेखाली ओघळलेला डिंक बोटाने चाचपून पाहण्याचा मोह होईल. मुलांनाही तो दाखवावा, त्याचा वास घेऊ द्यावा आणि खाच किती उथळ आहे तेही दाखवावे. चघळून झालेला डिंक कागदात गुंडाळूनच टाकायचा, ही सवय मुलांना लावली तर पुढील प्रवाशाच्या कपड्यांचे रक्षण होईल, आणि घरी बर्फ शोधण्याची वेळ येणार नाही.