शनैश्चराचा एक फेरा

नव्या वर्षाचें पंचांग घरीं आलें, कीं तें प्रथम आमच्या हातीं यावें असा आमच्याकडील जुना रिवाज आहे. २०२५ सालच्या मार्चअखेर शनि मीन राशींत जातो असें वाचून घरांतील मंडळींस साडेसातीची काळजी पडली. आम्हांस मात्र निराळीच आठवण झाली. मागें १९९६ सालीं शनि याच राशींत होता, तेव्हां आमच्या हातून एका विद्यार्थ्याचा अपराध घडला होता. शनि आपला फेरा पुरा करून आला. आमच्या अपराधाचें परिमार्जन मात्र राहूनच गेलें.

आम्ही व्यवसायानें संस्कृताचे शिक्षक. शाळेंतील शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. पुढें जें कांहीं आलें तें एका शास्त्रीबुवांजवळ बसून. त्या दिवशीं भूगोलाचे शिक्षक रजेवर असल्यामुळें त्यांचा तास आमच्याकडे आला. धडा ग्रहमालेचा होता. सूर्याभोंवतीं एक फेरा करण्यास गुरूला सुमारे १२ वर्षें, शनीला साडेएकोणतीस, हर्षलाला ८४, नेपच्यूनला १६५ आणि प्लूटोला २४८, असे आंकडे आम्हीं फळ्यावर लिहिले. जो दूर त्याची वाट मोठी, म्हणून त्यास वेळ अधिक, असें कारणही सांगितलें.

मागल्या बांकावरचा एक मुलगा उभा राहिला. "सर, शनि पृथ्वीच्या साडेनऊपट दूर आहे असें पुस्तकांत दिलें आहे. मग वाटही साडेनऊपटच मोठी. त्याला साडेनऊ वर्षें लागावीं, साडेएकोणतीस कां?"

प्रश्न बिनतोड होता. उत्तर आमच्याजवळ नव्हतें. 'मला ठाऊक नाहीं' हे तीन शब्द होते, पण तेच जिभेवर येईनात. तेव्हां आम्ही संस्कृताच्या आड लपलों. "शनैः चरति इति शनैश्चरः. तो मुळांतच मंद आहे, तुझ्यासारखा!" वर्ग हंसला. मुलगा खालीं बसला, आणि त्या वर्षांत आमच्या तासाला त्यानें पुन्हां हात वर केला नाहीं. पुढें त्याच्या वडिलांची बदली झाली आणि तो गांव सोडून गेला.

प्रश्न मात्र गेला नाहीं. कित्येक दिवसांनीं वाचनालयांत केप्लरचा नियम वाचावयास मिळाला. १६१९ सालीं त्यानें तो प्रसिद्ध केला. ग्रहाचें सूर्यापासूनचें अंतर पृथ्वीच्या अंतराच्या पटींत घ्यावें, त्याचा घन करावा आणि वर्गमूळ काढावें, कीं त्याच्या फेऱ्याचीं वर्षें मिळतात. साडेनऊचा घन सुमारे ८५७. त्याचें वर्गमूळ २९ हून थोडें अधिक. नेपच्यून ३० पट दूर. घन २७,०००, वर्गमूळ १६४. हिशेब जुळला. कारणही उमगलें. दूरच्या ग्रहाची वाट लांब असतेच. शिवाय तेथें सूर्याचें आकर्षण क्षीण, म्हणून त्याची चालही मंद. पृथ्वी सेकंदास सुमारे ३० किलोमीटर धांवते, शनि १० हूनही कमी. वाट साडेनऊपट आणि चाल एक तृतीयांश, मग काळ साडेनऊपटच कसा राहील?

वाचकहो, दैवाची थट्टा पाहा. 'शनैः चरति' हेंच त्या मुलाच्या प्रश्नाचें खरें उत्तर होतें! शब्द आमच्या ओठांवर होता, त्यांतील अर्थ ठाऊक नव्हता. आणि जें ज्ञान म्हणून द्यावयाचें तें आम्हीं टोमणा म्हणून दिलें. आमचे पूर्वज याबाबतींत आमच्याहून सावध होते. ४३,२०,००० वर्षांच्या महायुगांत शनीचे १,४६,५६४ भगण होतात असें आर्यभटानें सांगितलें. भागाकार करून पाहा. आजच्या मानाशीं तो जवळजवळ तंतोतंत जुळतो.

त्यापलीकडच्या ग्रहांपुढें मात्र माणसाचें आयुष्य तोकडें पडतें. विल्यम हर्शेलनें आपला ग्रह १३ मार्च १७८१ रोजीं शोधला. त्या ग्रहाचा फेरा ८४ वर्षांचा, आणि हर्शेल स्वतः ८३ वर्षें जगला! सहस्रचंद्रदर्शन झालेल्या मनुष्यास आणखी तीन वर्षें लाभलीं, तरच हा फेरा त्याच्या आयुष्यांत पुरा होतो. नेपच्यून १८४६ सालीं सांपडला आणि २०११ सालीं त्याचा पहिला फेरा पुरा झाला. तोंवर त्याचे शोधक केव्हांच काळाच्या पडद्याआड गेले होते. प्लूटो १९३० सालीं सांपडला. २००६ सालीं त्याची ग्रहपदवी गेली, तरी चालणें सुटलें नाहीं. त्याचा पहिला फेरा २१७८ सालीं पुरा होईल.

शनीचें तसें नाहीं. तो माणसाच्या आयुष्यांत दोनदां, क्वचित् तीनदां मूळ जागीं परत येतो. चूक सुधारण्यास जणूं मुदत देतो. आमची एक मुदत संपली. तो मुलगा आतां चाळिशीपलीकडचा गृहस्थ असेल, आणि कदाचित् त्याच्या घरीं हें मासिक जात असेल. त्यास आमचें एवढेंच सांगणें: बाळ, तुझा हिशेब बरोबर होता, आमचें उत्तर अपुरें होतें. त्या वर्गांत मंद कोणी असेल, तर तो खुर्चीवर बसला होता.

शनि पुन्हां मीनेंत येईल तेव्हां आम्ही बहुधा नसूं. म्हणून हें आजच लिहून ठेवितों.