खेळणं वेगळं, खेळ घडवणं वेगळं

गणपतीत किंवा कोजागिरीला मंडळात गेलं, की हल्ली एखाद्या तरी काकू मला बाजूला घेऊन विचारतात, "अरे, आमच्या चिरंजीवांना व्हिडिओ गेम बनवायला शिकायचंय. त्याचा कोर्स असतो म्हणे! घालू का? दिवसभर मोबाइलला चिकटलेला असतो, म्हणजे आवड आहे ना?" याचं उत्तर उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून इथे लिहितो.

मी कॉम्प्युटरचा बी.ई. हायटेक सिटीत चार वर्षं बँकेच्या सॉफ्टवेअरवर काम केलं. सत्ताविसाव्या वर्षी नोकरी सोडून गेम प्रोग्रॅमिंगचा वर्षभराचा पूर्णवेळ कोर्स केला. बाबा रेल्वेत होते. ते रागावले नाहीत. फी, बुडणारा पगार आणि घराचा हप्ता यांची बेरीज वहीत मांडून त्यांनी वही माझ्यासमोर ठेवली. आईची चिंता वेगळी होती. "मुलगा नोकरी सोडून खेळ शिकतोय, हे मुलीकडच्यांना सांगायचं कसं?"

कोर्सच्या पहिल्याच आठवड्यात जुनी सवय मोडावी लागली. बँकेच्या स्क्रीनला अर्धा सेकंद जास्त लागला तर कुणाचं बिघडत नाही. गेममध्ये मात्र सेकंदाला ६० चित्रं दाखवायची, तर एका चित्राच्या वाट्याला जेमतेम १६ मिलिसेकंद येतात. तेवढ्यात बटण दाबलंय का ते बघायचं, पात्र हलवायचं, ते भिंतीला धडकलं का तपासायचं आणि नवं चित्र रंगवायचं. इंजिनीअरिंगला परीक्षेपुरते केलेले व्हेक्टर आणि मॅट्रिक्स इथे रोजची हत्यारं झाली. ज्यांना गणित नको, त्यांच्यासाठी चित्र, ॲनिमेशन, आवाज, खेळाची रचना, चाचणी अशा वाटा आहेत. सगळ्यांची मोट बांधून गेम वेळेत पूर्ण करून घेणारा प्रोड्यूसरही लागतो.

पण हे सगळं घरबसल्याही शिकता येतं. ब्लेंडर फुकट आहे, युनिटी आणि अनरिअलही शिकण्यापुरती फुकट मिळतात. मग फी कशाची? माझ्या मते, आपल्यासारखी नसलेली चार माणसं आणि न हलणारी तारीख यांची.

आमचा पाच जणांचा गट होता. बारा लेव्हल्स करायचं ठरवलं आणि शेवटी तीन झाल्या. आमच्या चित्रकार मैत्रिणीने तीन आठवडे खपून एक वाडा उभा केला होता. तो आला की खेळ अडखळायचा. वाडा काढायचं ठरलं, तेव्हा ती दोन दिवस कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने त्याच वाड्याचे चार खांब दुसऱ्या लेव्हलमध्ये बसवले आणि तीच लेव्हल सगळ्यांत देखणी झाली. काय गाळायचं हे ठरवणं आणि गाळलेलं पचवणं एकट्याने शिकता येत नाही. पुढे मुलाखतीत प्रमाणपत्र कुणी पाहिलंच नाही. त्यांनी आमचा तो छोटासा गेम वीस मिनिटं खेळून पाहिला आणि विचारलं, "हे दार इथेच का?"

अमेरिकेत रेडमंडला डिजिपेन नावाची खास याच विषयाची संस्था आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी २००५ मध्ये 'नार्बॅक्युलर ड्रॉप' हा प्रोजेक्ट केला. व्हॉल्व्ह कंपनीने तो पाहून त्या मुलांना कामावर घेतलं आणि त्याच कल्पनेतून २००७ मध्ये 'पोर्टल' हा गाजलेला गेम आला. प्रोजेक्ट छोटाच होता, पण पूर्ण होता.

आपल्याकडेही बेंगळुरूला एनआयडीमध्ये डिजिटल गेम डिझाइनचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' २०२० मध्ये जगभर पोचला. पण नाण्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. भारतातलं बरंचसं काम परदेशी गेमचे सुटे भाग करून देण्याचं आहे. २०२३ आणि २०२४ मध्ये जगभरच्या गेम कंपन्यांनी मोठी नोकरकपात केली. माझा नवा पगार बँकेच्या कामापेक्षा कमी होता. जुना आकडा गाठायला अडीच वर्षं लागली. बी.ई.ची पदवी पाठीशी होती म्हणून रात्री झोप लागायची. त्यामुळे शक्य असेल तर मूळ पदवी आधी आणि खास शिक्षण नंतर, असंच मी सांगतो.

प्रवेशाआधी संस्थेत जाऊन तीन गोष्टी विचारा. इथल्या मुलांनी पूर्ण केलेले गेम खेळायला मिळतील का? शिकवणाऱ्यांनी स्वतः कुठले गेम केलेत? प्रोग्रॅमिंगची आणि चित्रकलेची मुलं एकत्र काम करतात का? चकचकीत लॅब दाखवून या प्रश्नांना बगल दिली, तर चहा पिऊन परत या.

आणि मुलाला या सुट्टीत एक गेम करू द्या. चेंडू उडवण्याचा असला तरी चालेल, पण पूर्ण झाला पाहिजे. तो मावसभावंडांना खेळायला द्यायचा आणि ती कुठे कंटाळतात ते गप्प बसून बघायचं. त्यानंतरही तो दुरुस्त्या करायला बसला, तर फीचा विचार जरूर करा.