रकाना नसलेला मृत्यू

20 जुलै 2021 रोजी राज्यसभेत केंद्रीय आरोग्य राज्यमंत्री भारती पवार यांनी एका प्रश्नाला लेखी उत्तर दिलं. दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनच्या टंचाईमुळे रस्त्यांवर आणि रुग्णालयांत मोठ्या संख्येने माणसं दगावली हे खरं आहे का, असा प्रश्नाचा रोख होता. उत्तराचा सारांश असा: आरोग्य हा राज्यांचा विषय आहे. मृत्यूंची नोंद कशी करायची याच्या सूचना केंद्राने दिलेल्या आहेत. त्यानुसार राज्यं आकडे पाठवतात. ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याचं राज्यांनी वेगळं असं काही कळवलेलं नाही.

त्या दिवशी संध्याकाळी घराघरांत एकच वाक्य ऐकू येत होतं, ‘धडधडीत खोटं बोलतायत.’ संताप मलाही आला होता, पण ते वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. मी तेव्हा एका नगरपरिषदेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर होते. ते उत्तर अक्षरशः खरं असू शकतं, हे मला ठाऊक होतं. आणि ते खरं असू शकतं, हीच त्यातली सगळ्यात भयंकर गोष्ट होती.

कारण सांगते. रुग्णालयात माणूस गेला की डॉक्टर ‘नमुना 4’ भरतात. मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र ते हेच. त्यात पहिल्या भागात तात्कालिक कारण लिहायचं, त्याखाली ते कशामुळे उद्भवलं ते, आणि सगळ्यात खाली मूळ आजार. दुसऱ्या भागात मधुमेह, रक्तदाब असे इतर हातभार लावणारे आजार. या साखळीत आजार बसतो, इजा बसते. ‘सिलिंडर पहाटे संपला’ हे बसत नाही, कारण तो आजार नाही. डॉक्टरने अगदी प्रामाणिकपणे फॉर्म भरला तरी तिथे ‘श्वसन निकामी होणे’ आणि त्याखाली ‘कोविड न्यूमोनिया’ एवढंच येणार. पुढे नातेवाइकांच्या हाती जो मृत्यूचा दाखला पडतो, त्यावर तर कारणच नसतं. 1969च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याचं कलम 17च तसं सांगतं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात एक गृहस्थ दाखला न्यायला आले होते. साठीच्या पुढचे, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. बायको गेली होती. दाखला नीट वाचून त्यांनी खिडकीतून परत आत सरकवला.

“मॅडम, यात कुठंतरी लिहा ना, की पहाटे ऑक्सिजन संपला होता. मी तिथंच होतो.”

मी म्हटलं, “काका, दाखल्यावर कारण येत नाही. आणि रुग्णालयाच्या कागदावर जे आहे तेच आमच्याकडे नोंदवता येतं.”

“बरं. मग हे कुठं लिहितात?”

त्यांच्या आवाजात चिडचिड नव्हती. सातबाऱ्यावर नाव कुठं लागतं, असं विचारावं तसं त्यांनी विचारलं. माझ्या मागच्या कपाटात गावातल्या कित्येक दशकांच्या मृत्यूंच्या नोंदी होत्या. त्यांच्या प्रश्नाची जागा मात्र त्या कपाटात नव्हती.

लोकशाहीत ही जागा कुठे असते? आपण चटकन न्यायालयाकडे बघतो. त्या मे महिन्यात न्यायालयांनी काम केलंही. गोवा वैद्यकीय महाविद्यालयात एका पहाटे 26 रुग्ण दगावल्याचं खुद्द राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी सांगितलं, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑक्सिजनच्या पुरवठ्यात लक्ष घातलं. पण न्यायालय येतं ते घर पेटल्यावर. आग लागायच्या आधी ‘पाण्याचा पिंप भरलाय का’ हे विचारणं विधिमंडळाचं काम असतं. आपल्या संसदेत ते काम मुख्यतः स्थायी समित्या करतात.

निवृत्तीनंतर मी या समित्यांचे अहवाल वाचायला लागले. सुरुवात सप्टेंबर 2022मध्ये आलेल्या आरोग्यविषयक स्थायी समितीच्या 137व्या अहवालाच्या बातमीने झाली. ऑक्सिजनअभावी मृत्यू झाले नाहीत, या मंत्रालयाच्या पवित्र्याबद्दल समितीने त्यात निराशा व्यक्त केली होती. राज्यांच्या मदतीने अशा मृत्यूंचं ऑडिट करा आणि कुटुंबांना भरपाई द्या, असं सांगितलं होतं. शिवाय एक आठवण करून दिली होती, की टंचाईचा इशारा आम्ही आमच्या 123व्या अहवालात आधीच दिला होता.

हा 123वा अहवाल 21 नोव्हेंबर 2020 रोजी राज्यसभेच्या सभापतींना सादर झालेला आहे. रामगोपाल यादव समितीचे अध्यक्ष होते. पहिली लाट ओसरत होती, दिवाळी नुकतीच झाली होती आणि ‘संपलं एकदाचं’ म्हणून लोक बाहेर पडत होते. त्या दिवसांत समितीने लिहून ठेवलं, की रुग्णालयांच्या मागणीनुसार पुरवठा व्हावा म्हणून ऑक्सिजनच्या पुरेशा उत्पादनाला चालना द्या, आणि सिलिंडरच्या किमतीवर मर्यादा घाला. एप्रिलला तेव्हा पाच महिने होते.

ही समिती म्हणजे दोन्ही सभागृहांचे, सगळ्या पक्षांचे मिळून 31 सदस्य. बैठका बंद दाराआड होतात. कॅमेरे नसल्यामुळे खासदार तिथे जरा कमी भांडतात आणि सचिवांना जरा नेमकं विचारतात, असं म्हणतात. अहवाल वाचताना ते पटतं. पण समितीच्या शिफारशी सल्ल्याच्या स्वरूपाच्या असतात. त्यांवर काय केलं, हे मंत्रालयाने तीन महिन्यांत कळवायचं असतं. नोव्हेंबरच्या 21 तारखेपासून तीन महिने मोजले, तर आपण फेब्रुवारीच्या 21 तारखेला येतो. दुसऱ्याच दिवशी, 22 फेब्रुवारीला, अमरावतीत पुन्हा टाळेबंदी सुरू झाली.

सरकार अगदी हात बांधून बसलं होतं असंही नाही. हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे 162 पीएसए प्लांट सरकारी रुग्णालयांत बसवायचं ठरलं होतं, त्यांची निविदा ऑक्टोबर 2020मध्ये निघाली होती आणि जानेवारी 2021मध्ये पीएम केअर्समधून 201 कोटींवर रक्कमही जाहीर झाली होती. 18 एप्रिल 2021 रोजी आरोग्य मंत्रालयानेच सांगितलं, की त्यांपैकी 33 बसले आहेत. पहिल्या लाटेत देशाची ऑक्सिजनची कमाल मागणी दिवसाला 3,095 टन होती, दुसऱ्या लाटेत ती 9,000 टनांच्या आसपास गेली. हा आकडा 20 जुलैच्या त्याच लेखी उत्तरात आहे. म्हणजे मागणीचे टन मोजले गेले होते. टनांना रकाना होता.

निविदा आणि प्लांट यांच्यामधले ते सहा महिने कुणी विचारायचे? खासदारांनी, आणि सभागृहात. आता संसदेचं त्या काळातलं कॅलेंडर पाहा. सप्टेंबर 2020चं पावसाळी अधिवेशन दहा दिवसांत आटोपलं आणि त्यात प्रश्नोत्तराचा तास नव्हता, फक्त लेखी उत्तरं होती. हिवाळी अधिवेशन झालंच नाही. अर्थसंकल्पी अधिवेशन ठरल्यापेक्षा आधीच, 25 मार्च 2021 रोजी संपलं. पुढचं अधिवेशन उघडलं 19 जुलैला. दुसरी लाट माथ्यावर गेली आणि उतरली, तेवढा सगळा काळ देशाची संसद बंद होती. समित्यांच्या बैठका दूरस्थ पद्धतीने घ्या, ही सदस्यांची मागणी गोपनीयतेचं कारण देऊन मान्य झाली नाही. आमच्या गावात त्या दिवसांत पतपेढीची वार्षिक सभासुद्धा मोबाइलवर झाली होती.

दुसरीकडे काय झालं तेही बघू. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सने एप्रिल 2020मध्येच काही सदस्य सभागृहात, काही पडद्यावर अशी पद्धत सुरू केली. न्यूझीलंडने मार्च 2020मध्ये संसद तहकूब करताना एक खास समिती नेमली. तिच्या अध्यक्षपदी विरोधी पक्षनेते होते, बहुमतही विरोधकांचं होतं आणि मंत्र्यांची उलटतपासणी झूमवरून जनतेसमोर चालायची. तिथे सगळं आलबेल होतं असं माझं म्हणणं नाही. ब्रिटनने 2016मध्ये फ्लूच्या साथीची ‘सिग्नस’ नावाची मोठी रंगीत तालीम केली होती, तिच्यातून निघालेले धडे कागदावर राहिले आणि पुढे मृत्यूही प्रचंड झाले. पण कुणाला काय ठाऊक होतं, हे तिथे संसदीय समित्यांनी ऑक्टोबर 2021च्या अहवालात मांडलं. त्यानंतर सार्वजनिक चौकशीनेही पहिला अहवाल पूर्वतयारीवरच दिला.

आपल्याकडे साथीत फक्त हुकूम चालायचा, ही सवय जुनी आहे. 1896मध्ये मुंबईत प्लेग आला. त्यासाठीचं विधेयक कलकत्त्याच्या कौन्सिलात मांडलं गेलं आणि आठवड्याभरात, 4 फेब्रुवारी 1897 रोजी मंजूर झालं. साथरोग कायदा म्हणतात तो हाच, मूळचा अवघा चार कलमांचा. त्यात सरकारने काय करावं याला मोकळीक होती आणि हुकूम बजावणाऱ्यांवर खटला भरता येणार नाही असं एक कलम होतं. केलेल्याचा हिशेब कौन्सिलापुढे ठेवण्याबद्दल एक ओळही नव्हती. पुढे पुण्यात रँडच्या काळात घराघरांत सोल्जर शिरले, आणि सभागृहात न विचारलेला जाब 22 जून 1897च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर विचारला गेला. जाब विचारायची रीतसर जागा नसली की काय होतं, हे मराठी माणसाला पुस्तकातून शिकावं लागत नाही. मार्च 2020मध्ये महाराष्ट्रासकट अनेक राज्यांनी जो कायदा बाहेर काढला, तो हाच.

20 जुलैच्या उत्तराकडे परत येते. ते एका पक्षाचं पाप म्हणून सोडून देणं सोयीचं आहे, पण वेगवेगळ्या पक्षांच्या राज्य सरकारांनीही पुढे ‘आमच्याकडे असे मृत्यू नाहीत’ असंच सांगितलं. भारती पवार नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीच्या खासदार होत्या. त्यांच्याच जिल्ह्यात, नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात, 21 एप्रिल 2021 रोजी टाकीतून गळती होऊन पुरवठा तुटला आणि त्याच दिवशी 22 रुग्ण गेले. सगळ्या महाराष्ट्राने तो पांढरा धूर टीव्हीवर पाहिला. तरीही फॉर्मच्या भाषेत ती माणसंसुद्धा कोविडनेच गेलेली असू शकतात.

म्हणून माझ्या लेखी पूर्वतयारी म्हणजे नुसत्या टाक्या आणि खाटा नाहीत. पुढच्या साथीत काय काय मोजायचं, हे साथ नसताना ठरवणं ही पहिली तयारी. पुरवठा किती मिनिटं खंडित झाला, तेव्हा वॉर्डात कोण होतं, खाट नाही म्हणून किती जणांना दारातून परत पाठवलं, हे रुग्णालयाने लिहिणं बंधनकारक असेल, तरच विधिमंडळात विचारलेल्या प्रश्नाला उत्तर असेल. नाहीतर खासदार विचारत राहतील, मंत्री राज्यांकडे बोट दाखवतील, राज्यं जिल्ह्यांकडे, आणि जिल्हे माझ्यासारख्या कारकुनाच्या रजिस्टरकडे. त्या रजिस्टरात काय आहे ते मी वर सांगितलंच.

त्या काकांना मी उत्तर देऊ शकले नव्हते. आता निदान अर्धं उत्तर माझ्याकडे आहे. ऑडिट करा, असं संसदेच्या एका समितीने लिहून ठेवलेलं आहे. तो कागद सार्वजनिक आहे, राज्यसभेच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतो. उरलेलं अर्धं उत्तर खासदार-आमदारांकडून वसूल करावं लागेल. आपले लोकप्रतिनिधी गावात येतात ते लग्नाला, दहाव्याला, उद्घाटनाला. पुढच्या वेळी आले की एवढंच विचारा: आपल्या उपजिल्हा रुग्णालयाच्या मागे 2021मध्ये बसवलेला ऑक्सिजन प्लांट शेवटचा कधी चालवून पाहिला, आणि तो चालवायला माणूस नेमलेला आहे का? उत्तर मिळालं नाही तर हाच प्रश्न त्यांना विधानसभेत लेखी विचारायला सांगा. लेखी प्रश्नाला लेखी उत्तर द्यावं लागतं, आणि ते उत्तर नोंदीत राहतं.