चेंडू लागायच्या आधी

कोळशाने चित्रं काढायच्या वर्गात नाव घातलं तेव्हा सुरुवातीला किटली, सफरचंद, फार तर खुर्ची काढायला देतील असं मी धरून चालले होते. बाईंनी समोर ठेवला तो एक सुटातला माणूस. मान मागे फेकलेली, गुडघे मोडलेले, टाय हवेत. मागे ना भिंत ना रस्ता, नुसता कोरा कागद. हा नाचतोय की याला गोळी लागलीय? काही केल्या कळेना.

रॉबर्ट लाँगो या अमेरिकन चित्रकाराचं हे चित्र, ‘मेन इन द सिटीज’ या मालिकेतलं. १९७९ पासून त्याने ही मालिका कोळसा आणि ग्रॅफाइटने काढली. यातली कित्येक चित्रं माणसाहून उंच आहेत. मी जर्सी सिटीहून मॅनहॅटनला नोकरीला जाते, त्यामुळे हा आपल्याच गल्लीतला कुणी शेअर दलाल असणार, याबद्दल मला शंकाच नव्हती. बाई म्हणाल्या, तसं नाही. ही लाँगोची कलाकार मित्रमंडळी. त्यांना तो न्यूयॉर्कमधल्या आपल्या इमारतीच्या गच्चीवर न्यायचा, टेनिसचे चेंडू मारायचा, दोरीने ओढायचा आणि त्या क्षणी फोटो घ्यायचा. फोटो प्रोजेक्टरने कागदावर मोठा करून त्यावरून चित्र. मूळ कल्पना सुचली ती फासबिंडर या जर्मन दिग्दर्शकाच्या १९७० सालच्या ‘द अमेरिकन सोल्जर’ या चित्रपटातल्या, गोळी लागलेल्या माणसाच्या छायाचित्रावरून. पुढे वॉल स्ट्रीटच्या भरभराटीच्या दिवसांत लोकांना त्यात ऑफिसातली माणसं दिसू लागली. २००० साली आलेल्या ‘अमेरिकन सायको’त तर खुनी बँकरच्या घराच्या भिंतीवर हीच चित्रं टांगलेली आहेत.

हे ऐकून माझा गोंधळ आणखीच वाढला. दलाल नसलेल्या माणसांत मला दलाल का दिसला?

घरचा अभ्यास होता: असाच फोटो काढा, मग चित्र. रविवारी नवऱ्याला ऑफिसचे कपडे घालून गच्चीवर उभं केलं आणि चेंडू फेकायला भाच्याला बोलावलं. चेंडू लागला त्या क्षणाचे फोटो सपक आले. मग भाच्याने हात उगारून नुसतंच थांबायला सुरुवात केली. नवरा वैतागला, “अरे, फेक ना एकदाचा! वाट बघण्यातच जीव जातोय.” नेमका तेव्हाचा फोटो अंगावर आला. खांदे कानांपर्यंत चढलेले, पोट आत, एक पाय आधीच पळायला निघालेला. मार अजून बसलेला नव्हता.

हे खांदे मी पाहिलेत. शुक्रवारी दुपारी विषय न लिहिलेलं मीटिंगचं आमंत्रण येतं, त्यात एचआरचं नाव असतं आणि शेजारच्या टेबलावरचा माणूस बसल्या बसल्या असाच आखडतो. मारणारा हात त्यालाही दिसत नाही. लाँगोने कागदावरून चेंडू, दोरी, गच्ची सगळं काढून टाकलं, म्हणून तर त्या चित्रात मला माझं ऑफिस दिसलं. मॉडेल कोण होते याने मला आता फरक पडत नाही.

काढायला बसल्यावर सगळ्यात अवघड गेला तो सदरा. सुटाचा काळा रंग थरावर थर चढवून येतो, पण सदऱ्याचा पांढरा म्हणजे न शिवलेला कागद. कोळशाचं बोट लागलं की संपलं. चुण्या मी आडव्यातिडव्या काढत होते. बाईंनी फोटोवर बोट ठेवलं: सगळ्या चुण्या काखेपासून निघतात, जिथून अंग पिळलंय तिथून. आणि एवढं होऊनही टायची गाठ जागची हललेली नाही. तेवढ्या गाठीवर मी अख्खी संध्याकाळ घालवली, आणि ती मला नवऱ्याच्या चेहऱ्याहून खरी वाटते.

लाँगोच्या मालिकेत बायकाही आहेत, स्कर्ट आणि टाचांच्या बुटांतल्या. पुढच्या रविवारी मी उभी राहणार आहे. भाच्याला बजावून ठेवलंय, कधी फेकणार ते अजिबात सांगायचं नाही.