उजेडाचं रान, पाण्याचं रान

ईट, ता. भूम
चैत्र वद्य

चि. ताईस,



तुझा नकाशा आणि झाडांची यादी मिळाली. घरामागच्या जागेत सात थरांची फळबाग उभी करायची म्हणतेस: वर सफरचंद आणि नाशपती, त्याखाली आलुबुखार, मग झुडपं, पालेभाज्या, जमिनीवर पसरणारं काही, जमिनीखालचे कंद आणि या सगळ्यांवर चढणारे वेल. हे सगळं मन लावून वाचलं. पण पत्राच्या शेवटी तू जे लिहिलंस, त्यासाठी मी हे उत्तर लांबवतो आहे. ‘आपल्या माळाच्या तुकड्यातही असंच करू, थर हेच ठेवू, झाडं तेवढी तिकडची घे,’ असं तू म्हणतेस. माळाचं रान करायला माझी ना नाही. पण झाडं निवडताना जो प्रश्न तू आधी विचारतेस, तो इथं आधी विचारून चालणार नाही. तुझ्या बागेत उजेड अपुरा आहे आणि आमच्या माळावर पाणी. थरांची शिडी दोन्हीकडे तीच दिसते, पण तिथं एक झाड दुसऱ्याचा उजेड खातं आणि इथं एक झाड दुसऱ्याचं पाणी पितं.

सात थरांची ही मांडणी ज्यांनी इंग्लंडात रुजवली, त्या रॉबर्ट हार्ट यांची बाग श्रॉपशायरमधल्या वेनलॉक एजला जेमतेम पाच गुंठ्यांची होती. केरळातल्या घराभोवतालच्या बागांचं त्यांना फार कौतुक. तिकडे माडाखाली सुपारी, तिच्यावर मिरीचा वेल, खाली केळ, सुरण, आलं. आपल्या कोकणातही हेच आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं नारळात जायफळ, दालचिनी, मिरी बसवून ‘लाखी बाग’ म्हणून जी पद्धत दिली, ती याच वंशाची. पण तिथं तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि ऊनही भरपूर असतं. दोन्ही गोष्टी मुबलक असल्या की झाडांची गर्दी खपते. ती मांडणी थंड मुलखात नेताना उजेडासाठी मोकळी करावी लागते. आपल्याला ती सहाशे-सातशे मिलिमीटरच्या मुलखात आणताना पाण्यासाठी बदलावी लागेल.

आधी तुझ्या बागेचं बोलू. तू राहतेस त्या बावन्न अंश अक्षांशावर डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून चौदा-पंधरा अंशच वर येतो. म्हणजे झाडाची सावली त्याच्या उंचीच्या जवळजवळ चौपट उत्तरेला पडते. म्हणून सगळ्यात उंच झाड उत्तरेच्या कुंपणाकडे घे आणि दक्षिणेकडे उंची उतरत आण. नकाशात तू नाशपती बरोबर मधोमध ठेवली आहेस, ती हलव. सफरचंद घेताना जातीआधी खुंट विचार. ‘एम.एम. 106’ खुंटावरचं झाड मध्यम उंचीचं राहतं, ‘एम. 9’ वरचं ठेंगणं. खाली झुडपं लावायची असतील तर मला पहिला खुंट बरा वाटतो. एकाच जातीचं एकटं झाड बहुधा फळ धरत नाही, त्याच सुमारास फुलणारी दुसरी जात जवळ हवी. शेजाऱ्यांच्या परसात असली तरी चालते. आणि लवकर फुलणाऱ्या जातींच्या मोहात पडू नकोस, उशिराच्या हिमानं एका रात्रीत मोहोर जातो. नत्रासाठी डेव्हनमधल्या डार्टिंग्टनला मार्टिन क्रॉफर्ड यांनी 1994 पासून जी दोन एकरांची बाग वाढवली, तिथं इटालियन आल्डरची झाडं आहेत. आपल्याकडे बाभूळ आणि हादगा जे काम करतात, तेच ती झाडं करतात. सिचुआन मिरीचं झुडूपही तिकडच्या थंडीत तगतं. ते आपल्या तिरफळाचं सख्खं भावंड आहे, एक नक्की लाव. मालवणी माशाच्या कालवणाचा वास तुझ्या स्वयंपाकघरात येईल.

तुझ्या यादीतली मला सगळ्यात आवडलेली वनस्पती मात्र रानलसूण. वरच्या झाडांना पालवी फुटायच्या आधीच, फेब्रुवारी-मार्चात, तिची पानं जमिनीवर येतात, उजेड आहे तोवर वाढून घेतात आणि वर सावली दाटली की जमिनीत परत जातात. जे कमी आहे ते ज्या दिवसांत मिळतं, तेवढ्याच दिवसांत जगून घ्यायचं. माळासाठी मला अशीच झाडं हवीत. फक्त त्यांनी उजेडाऐवजी पाण्याचे दिवस गाठायला हवेत.

आमच्याकडे सूर्य मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या शेवटी अगदी डोक्यावर असतो. वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, आणि वीतभर मातीखाली मुरूम, मुरमाखाली काळा पाषाण. पाऊस मृगापासून परतीच्या पावसापर्यंत, तोही मध्ये महिना महिना दडी मारणारा. पुढचे सात-आठ महिने झाडाला पोटातल्या ओलीवर काढायचे. अशा ठिकाणी बारमाही हिरवं झाड दाटीनं लावलं की चार वर्षं ते छान दिसतं आणि पाचव्या वर्षीच्या दुष्काळात सगळं एकदम वाळतं. 2012-13 च्या दुष्काळात जालना-औरंगाबादकडे मोसंबीच्या बागाच्या बागा शेतकऱ्यांनी तोडून टाकल्या. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या वर्षांतही बांधावरची चिंच, बोर, सीताफळ आणि कवठ कुणी पाणी न घालता उभी राहिली. निवडीची परीक्षा आपल्याकडे दुष्काळानं आधीच घेऊन ठेवली आहे.

सीताफळ बघ. माघ-फाल्गुनात पानं गाळून ते निजतं. उन्हाळाभर त्याला पाणी जवळजवळ लागत नाही. पावसाबरोबर पालवी आणि फूल येतं, आणि दसरा-दिवाळीच्या आसपास फळ. शिवाय शेळी त्याच्या पानाला तोंड लावत नाही, ही आपल्या भागात लाखमोलाची गोष्ट. अंबाजोगाईच्या सीताफळ संशोधन केंद्रानं ‘धारूर-6’ ही जात दिली आहे आणि ‘बालानगर’ तर जुनी खात्रीची. मधला थर मी जवळजवळ सगळा सीताफळाचा धरतो आहे. बोरही तसंच. पौष-माघात फळ, मग पानगळ, ऐन उन्हाळ्यात विश्रांती. एप्रिल-मेमध्ये छाटणी केली की बोराटीच्या काट्यांचं कुंपण होतं. शेंगांचा हंगाम संपला की शेवगा कमरेइतका छाटायचा आणि त्याचा पाला सीताफळाच्या बुडाशी अंथरायचा. जमीन तापते त्याच महिन्यात तिच्यावर पांघरूण पडतं, ही जुळणी मला फार महत्त्वाची वाटते. तिकडच्या पुस्तकात झाडांची निवड उंचीवरून आणि सावली सोसण्यावरून सांगितलेली असते. इथं ती पान कधी गळतं आणि मूळ किती खोल जातं यावरून करायची.

मोठ्या झाडांत चिंच हवीच. बार्शीचा चिंचेचा बाजार जवळ आहे आणि ‘प्रतिष्ठान’सारखी मराठवाड्यातली जात आहे. पण चिंचेखाली फारसं काही येत नाही, म्हणून ती उत्तरेच्या बांधावर. लिंब पश्चिमेच्या बांधावर, दुपारच्या उन्हाला आडवा. आंबा फक्त खालच्या अंगाला, जिथं माती वाहून येऊन कमरेएवढी साचली आहे. झाडांची संख्या बघून तुला कमी वाटेल. चिंच आणि आंबा दहा-दहा मीटरवर, सीताफळ पाच मीटरवर. दोन झाडांमधली रिकामी जागा म्हणजे त्यांच्या मुळांचं शेत आहे, तिथं आणखी झाड बसवण्याचा आग्रह धरू नकोस.

पिशवीतली रोपं शक्य तिथं टाळणार आहे. पिशवीत सोटमूळ गोल गोल फिरतं आणि एकदा फिरलेलं मूळ मुरूम फोडत नाही. गावरान आंब्याची कोय, बोराची आठळी, चिंचोके जागच्या जागी टोकायचे, पहिल्या पावसात रुजू द्यायचे, आणि खोड पेन्सिलीएवढं झालं की तिथंच कलम करायचं किंवा डोळा भरायचा. एखाद-दोन वर्षं उशीर होतो. पण ते झाड खाली ओल शोधत गेलेलं असतं. पहिल्या दोन उन्हाळ्यांत प्रत्येक आळ्यात तळाला बारीक भोक पाडून वात ओवलेलं मडकं पुरलं की आठवड्याला एक घागर पुरते.

झुडपांत करवंद, कढीपत्ता, निरगुडी, आणि ओढ्याच्या काठी एक भोकर. त्याचं तुझ्या आजीच्या हातचं लोणचं तुला आठवत असेल. वेलांत लिंबावर गुळवेल, जी पानं झडून गेली तरी मरत नाही. आणि करटुलं. करटुल्याचा कंद सगळा उन्हाळा जमिनीत गप्प पडून राहतो आणि पहिल्या पावसाला कोंब वर काढतो. तुझ्या रानलसणीचं काम इथं तो करतो. त्याचे नर वेल वेगळे, मादी वेल वेगळे. दहा मादी वेलांमागे एक तरी नर हवा. तुझ्या यादीतल्या सी-बकथॉर्नचंही तसंच आहे, दोन्ही आणल्याशिवाय फळाची आशा धरू नकोस.

जमिनीलगतच्या थराला मी बारमाही ठेवणारच नाही. पावसात मूग, मटकी, हुलगा, कडेनं तुरीचे आणि अंबाडीचे पाटे; दसऱ्यानंतर ओल असेल तर हरभरा, करडई. तरोटा, कुर्डू, पाथरी, चिघळ आपोआप येतात, त्यांना खुरपायचं नाही, खुडायचं. आपल्याकडे हे शहाणपण जुनं आहे. येळवशीची, म्हणजे वेळा अमावास्येच्या सणाची, भज्जी आठव: एका भांड्यात तूर, वाल, हरभरा, मेथी, गाजर, बोर. इतकी विविधता एका शेतातून एका दिवशी काढता येत होती. सोयाबीन आल्यापासून पाटे गेले, आता भज्जीचं सामान लोक बाजारातून आणतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं, आणि माळावर रान करायचं ते याच्यासाठीही.

हळद आणि आलं तू माझ्या यादीत घातलं आहेस. ती काढून टाकली. नऊ महिने ओल मागणारं पीक या माळावर विहिरीच्या जिवावरच जगेल, आणि चैत्र लागला की विहीर जनावरांची. कंदांत शतावरी, पावसाळी रताळं, एवढंच.

आणखी एक थर पुस्तकात नाही, शेळी आणि चूल. भूम तालुका दुधाचा आणि खव्याचा, भट्टीला सरपण लागतं. खाणाऱ्या माणसाचाच विचार करून रान लावलं तर पहिल्याच उन्हाळ्यात त्याची पानं शेळ्यांच्या आणि फांद्या भट्टीच्या वाट्याला जातील. म्हणून पूर्वेच्या बांधाला हिवर, बाभूळ आणि गिरिपुष्प दाट लावतो आहे. बाभळीच्या शेंगा शेळ्यांना, फांद्या सरपणाला, गिरिपुष्पाचा पाला मातीला. शेजाऱ्यांनाही त्यातलं घेऊ द्यायचं असं मी ठरवलं आहे. राखण त्यानंच होईल, तारेच्या कुंपणानं नाही.

कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवारातून दहा गुंठ्यांत पाच माणसांचं कुटुंब जगवण्याचा हिशेब मांडला होता. पानावर पडणारा सूर्यप्रकाश हे भांडवल, असं ते धरत. त्यांचं ‘विपुलाच सृष्टी’ तुला पाठवतो आहे; हार्ट आणि दाभोळकर शेजारी ठेवून वाच.

आता तुझ्याकडून दोन गोष्टी हव्यात. जूनअखेर तुझ्या जागेत सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी सावली कुठवर येते ते खुंट्या ठोकून मोज आणि नकाशावर भर. डिसेंबरात पुन्हा मोज, तोवर नाशपती विकत घेऊ नकोस. आणि माळाच्या वरच्या अंगाला समतल चर खणायला माणसं अक्षय्य तृतीयेनंतर मिळतील. चर आधी, आळी नंतर, बी मृगाला, हा क्रम मी बदलणार नाही. या वर्षी निम्म्याच तुकड्यात करावं असं माझं मत आहे. तुला पूर्ण हवा असेल तर पुढच्या आठवड्यात फोन कर, म्हणजे तेवढे चिंचोके आणि बोराच्या आठळ्या जमवायला मुलांना सांगतो. तुझी मामी म्हणते, येताना तिकडच्या बिया पिशवीत घालून आणू नकोस, विमानतळावर अडवतात आणि इथं त्या जगायच्याही नाहीत.

तुझा,
मामा