डाव्या हाताची सुटका

ती. मामा,


सोबत जॅझ ऑर्गनवादक जिमी स्मिथच्या ‘रूट डाऊन’ या मैफलीची सीडी पाठवतो आहे. तुम्ही आधी विचाराल, त्याच्या ऑर्गनला भाता कुठे? भाताच नाही. संगीत नाटकाच्या साथीला ऑर्गनवर बसलात की तुमचे दोन्ही पाय भात्याला जुंपलेले, वाजवायचं ते हातांनीच. स्मिथच्या हॅमंड बी-३ मध्ये हवेचं कामच नाही. आत मोटरवर ९१ पोलादी चकत्या फिरतात; त्यांचे उंचवटे चुंबकापुढून सरकले की तारेच्या गुंडाळीत स्वराची वीज उठते. पाय रिकामे, म्हणून खाली पायांनी वाजवायच्या २५ पट्ट्या. शिवाय लेस्ली स्पीकरच्या कपाटात कर्णा गरगर फिरतो, त्याचा वेग बदलला की लांबवलेला स्वर थरथरू लागतो.

पाइप ऑर्गन न परवडणाऱ्या चर्चना ही हॅमंड वाद्यं परवडली. कृष्णवर्णीयांच्या चर्चमधला तो आवाज आणि ब्लूज मिळून जे जॅझ झालं, ते सोल-जॅझ. स्मिथ मूळचा पियानोवाला. फिलाडेल्फियात एका गोदामात ऑर्गन ठेवून त्याने रियाज केला आणि १९५६ पासून ‘ब्लू नोट’ कंपनीसाठी रेकॉर्ड काढू लागला. त्याच्या जोडीला बास वाजवणारा लागतच नसे. बासची चाल डाव्या हातात, तिला डाव्या पायाचे ठोके, आणि उजवा हात गाणार. १९५७ साली हार्लेमच्या ‘स्मॉल्स पॅरडाइज’मधलं ध्वनिमुद्रण ऐका: गिटार, ड्रम आणि हा. तिघांत चौघांचं काम.

‘रूट डाऊन’मध्ये मात्र त्याने ते ओझं खाली ठेवलं. फेब्रुवारी १९७२, लॉस एंजलिस. क्लबचं नाव ‘बॉम्बे बायसिकल क्लब’ (आपल्या मुंबईचा एवढाच संबंध). इलेक्ट्रिक बासवर विल्टन फेल्डर, एरवी ‘क्रुसेडर्स’ बँडचा सॅक्सोफोनवाला, ड्रमवर पॉल हम्फ्री, गिटारवर आर्थर अ‍ॅडम्स. जुन्या रसिकांना हे खटकू शकतं. ज्याची ख्याती पाया स्वतः घालण्याची, त्याने तो दुसऱ्याला द्यावा? मला वाटतं, म्हणूनच ही मैफल इतकी ताजी आहे. शीर्षकाच्या तुकड्यात फेल्डर एकच चाल हट्टाने घोळवत राहतो, गिटार वा-वा पेडलवर कुरकुरते, आणि स्मिथ मध्येच थांबतो, तुटक बोलतो, पुन्हा घुसतो. बास सांभाळायचा असता तर हे थांबणं त्याला परवडलं नसतं. एलपीवर हा तुकडा कापून घातला होता. २००० सालच्या आवृत्तीत तो सबंध आहे, तीच पाठवली. पुढे १९९४ साली ‘बीस्टी बॉइज’नी याच तुकड्यावर आपलं रॅप बांधलं. तुमच्या नातवाला ते ठाऊक असेल.

अल ग्रीनचं ‘लेट्स स्टे टुगेदर’ही यात आहे. मूळ गाणं त्याच महिन्यात अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं होतं, म्हणजे समोरच्या श्रोत्यांच्या ओठांवरचंच. इथे शब्दांविना, ऑर्गनवर. हळुवार आहे, पण मला ते जरा गुळगुळीत वाटतं. वगळलंत तरी चालेल.

ऐकताना तुम्ही मांडीवर केरवा धराल, पण टाळी समेवर देऊ नका. ती दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. मामींना आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्या म्हणतील, ह्यांचा ताल गेला.

तुमचा,
भाचा