महान बँड कोणता, आणि गाण्याखाली नाव कुणाचं?

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर दोन विषयांवर भांडण ठरलेलं असतं. एक निवडणूक, आणि दुसरं म्हणजे जगातला सर्वांत महान रॉक बँड कोणता. निवडणुकीचं भांडण निकालानंतर थंड होतं. रॉकचं होत नाही, कारण तिथे निकाल लावणारं कुणी नाही. पन्नाशी ओलांडलेली माणसं रात्री साडेबाराला ‘झेपलिनसमोर क्वीन म्हणजे वरातीचा बँड’ असलं काहीतरी लिहून झोपी जातात आणि सकाळी बघावं तर ब्याण्णव मेसेज.

यंदा कुणाला तरी शास्त्रशुद्ध व्हायची हुक्की आली. प्रत्येकाने पाच नावं द्यायची, आणि ‘महान’ व ‘प्रभावशाली’ असे दोन वेगळे रकाने. पहिल्या रकान्यात अपेक्षित तेच आलं. बीटल्स, स्टोन्स, लेड झेपलिन, पिंक फ्लॉइड, क्वीन. दोघांनी ब्लॅक सॅबथ घातलं. दुसऱ्या रकान्यात सगळ्यांनी तीच नावं क्रम बदलून लिहिली!

मला हे पटलं नाही. महान कोण हा आवडीचा प्रश्न आहे, त्यात ज्याचं त्याचं खरं. पण प्रभाव म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडे काहीतरी जाणं. ते कुठून निघालं, कुणाकडे पोचलं, आणि वाटेत गाण्याखालचं नाव कुणी बदललं, याच्या नोंदी आहेत, कोर्टाची कागदपत्रं आहेत. तिथे आवडीनिवडीचा प्रश्नच येत नाही.

विली डिक्सन हे नाव आमच्या ग्रुपवर एकालाही माहीत नव्हतं. मिसिसिपीत जन्मलेला, शिकागोत आलेला, आडदांड बांध्याचा काळा माणूस. काही काळ बॉक्सिंग केलं, मग डबल बेस वाजवू लागला आणि शिकागोच्या चेस रेकॉर्ड्ससाठी गाणी लिहू लागला. मडी वॉटर्स आणि हाउलिन वुल्फ यांची कितीतरी गाजलेली गाणी याने लिहिलेली. १९६२ साली अमेरिकन ब्लूज कलाकारांचा एक ताफा युरोपच्या दौऱ्यावर आला, त्यात डिक्सन होता. मँचेस्टरच्या कार्यक्रमाला लंडनहून काही पोरं खास गाडी करून आली होती. त्यांत मिक जॅगर, कीथ रिचर्ड्स, ब्रायन जोन्स होते. आणि जिमी पेज होता. म्हणजे पुढचे रोलिंग स्टोन्स आणि पुढच्या लेड झेपलिनचा गिटारवाला, दोघेही प्रेक्षकांत. स्टेजवर डिक्सन.

आता पुढचं बघा. रोलिंग स्टोन्सनी बँडचं नावच मडी वॉटर्सच्या गाण्यावरून घेतलेलं. १९६४ साली त्यांनी डिक्सनचं ‘लिटल रेड रूस्टर’ केलं, ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि रेकॉर्डवर गीतकार म्हणून डिक्सनचंच नाव होतं. पुढच्या वर्षी अमेरिकेत एका टीव्ही कार्यक्रमाचं बोलावणं आलं, तेव्हा त्यांनी अट घातली की आमच्याबरोबर हाउलिन वुल्फलाही घ्या. तो धिप्पाड माणूस गातोय आणि स्टोन्सची पोरं त्याच्या पायाशी बसून ऐकतायत, हे चित्रीकरण आजही बघायला मिळतं. जरूर बघा. स्टोन्सबद्दल माझ्या शंभर तक्रारी आहेत, पण हे त्यांच्या खात्यावर जमा.

लेड झेपलिनच्या पहिल्या अल्बमवर, १९६९ च्या सुरुवातीला, डिक्सनची दोन गाणी आहेत आणि दोन्हींवर त्याचं नाव आहे. म्हणजे रीत माहीत नव्हती असं नाही. त्याच वर्षी दुसरा अल्बम आला. त्यातलं पहिलंच गाणं ‘होल लॉटा लव्ह’, आणि लेखक म्हणून बँडच्या चौघांची नावं. शब्दांचा मोठा भाग डिक्सनने लिहिलेल्या आणि मडी वॉटर्सने १९६२ मध्ये गायलेल्या ‘यू नीड लव्ह’ या गाण्याचा. मध्ये आणखी एक टप्पा आहे. १९६६ साली स्मॉल फेसेस या ब्रिटिश बँडने तेच गाणं थोडं फिरवून स्वतःच्या नावावर केलं होतं. रॉबर्ट प्लँटची गाण्याची ढब ऐकली की ती बरीचशी तिथून आली हे कळतं. डिक्सनने दावा लावला १९८५ साली. १९८७ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली आणि नंतरच्या आवृत्त्यांवर त्याचं नाव आलं. अठरा वर्षांनी!

इथे ग्रुपवरचा आमचा वकील उसळला. ‘अरे, पण ब्लूजमध्ये सगळेच सगळ्यांचं घेतात ना? मडी वॉटर्सचं ते गाणं तरी कुठे त्याचं स्वतःचं?’ बरोबर आहे त्याचं. मडीचं ‘रोलिन स्टोन’ हे ‘कॅटफिश ब्लूज’ नावाच्या जुन्या गाण्यावरच उभं आहे. ओव्या, भारुडं, लावण्या अशाच तर एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जातात. शेतावर, गुत्त्यात, रस्त्याच्या कोपऱ्यावर गाणी फिरतात तोवर ती कुणाचीच नसतात, हे मान्य. पण रेकॉर्ड छापली, तिच्यावर कंसात नाव छापलं, की त्या नावाच्या खात्यावर पैसे जाऊ लागतात. गाणं कुणीही गावो, रेडिओवर वाजो की सिनेमात, लेखनाचा वाटा त्या कंसातल्या माणसाला. जे कुणाचंच नव्हतं ते छापताना चौघांचं कसं झालं, एवढंच मी विचारतोय.

आणि पेजच्या गिटारबद्दल माझं काही म्हणणं नाही. ती रिफ त्याचीच, आणि ती आजही ऐकली की अंगावर काटा येतो. ‘स्टेअरवे टू हेवन’ची सुरुवात ढापलेली आहे असा दावाही झाला होता. २०१६ साली लॉस एंजेलिसच्या ज्युरीने तो फेटाळला, २०२० साली अपिलातही झेपलिनच जिंकले. ऐकून माझंही मत तेच होतं. तेव्हा झेपलिनभक्तांनो, जरा दमानं घ्या.

हे सगळं काळ्या-गोऱ्यांचं, असं म्हणून बाजूला ठेवता येत नाही. चेस कंपनीशी जोडलेल्या आर्क म्युझिक या प्रकाशन संस्थेविरुद्ध आपल्याच गाण्यांच्या हक्कांसाठी डिक्सन आणि मडी वॉटर्स दोघांना कोर्टात जावं लागलं होतं. म्हणजे ज्यांनी गाणी जगापुढे आणली, त्यांच्याशीही भांडण होतंच.

आणि पिंक फ्लॉइड. आमच्या ग्रुपवर हे देवघरातले. ‘डार्क साइड ऑफ द मून’ १९७३ साली आला आणि अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत एकंदर ७४१ आठवडे राहिला, १९८८ पर्यंत. म्हणजे चौदा वर्षांहून जास्त. त्या अल्बमची पहिली बाजू जिथे संपते तिथे एक बाई गाते. शब्द नाहीत. नुसता आवाज. आधी आक्रोश, मग थकून शांत होत जाणारा. रिक राइटने पियानोवर कॉर्ड्स बसवल्या होत्या, पण त्यावर काय हवंय हे बँडलाही नक्की माहीत नव्हतं. ध्वनिमुद्रक अ‍ॅलन पार्सन्सने क्लेअर टॉरी या पंचवीस वर्षांच्या गायिकेला बोलावलं. तिला फ्लॉइडचं फार काही कौतुक नव्हतं. शनिवारी तिच्याकडे चक बेरीच्या कार्यक्रमाची तिकिटं होती, म्हणून सेशन रविवारी संध्याकाळी ठेवलं. शब्द नकोत, एवढं सांगितलं. तिने विचार केला की मग आपण गायिका नाही, एक वाद्य आहोत असं समजूया. दोन-तीन टेकमध्ये काम संपलं. गाताना आपण जरा जास्तच केलं असं वाटून ती संकोचली होती. तिला वाटलं हे काही वापरणार नाहीत. पुढे दुकानात रेकॉर्ड दिसली तेव्हा त्यावर तिचं नाव होतं. गायिका म्हणून. रचनाकार म्हणून फक्त राइट.

मानधन तीस पौंड. रविवार होता म्हणून दुप्पट, एरवी पंधरा.

तीस वर्षांनंतर, २००४ साली, तिने दावा लावला. म्हणणं एवढंच की त्या गाण्याची चाल मी त्या खोलीत उभी राहून रचली. २००५ मध्ये तडजोड झाली. रक्कम जाहीर झाली नाही, पण त्यानंतरच्या आवृत्त्यांवर रचनेच्या श्रेयात तिचं नाव आहे. आता तुम्हीच ते गाणं तिच्या आवाजाशिवाय गुणगुणून दाखवा. काय उरतं? चार कॉर्ड्स.

या जागी मी जरा हळवा होतो, कारण आहे. १९९४-९५ च्या सुमारास मी गणेशोत्सवात आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचो. एकदा भक्तिगीतांच्या कॅसेटसाठी वाजवायला बोलावलं. एका गाण्याच्या सुरुवातीला काहीतरी हवं होतं, संगीतकाराला सुचेना. मी सहज बोटं फिरवली, तो म्हणाला हेच ठेवा. सातशे रुपये, रोख, पाकिटात. कॅसेटच्या कव्हरवर संगीतकार, गायक, कंपनी, निर्मात्याच्या आईवडिलांचा फोटो, सगळं होतं. वादक नव्हते. मी काही क्लेअर टॉरी नाही आणि तो तुकडा काही अमर नाही, पण पुढे एका गावच्या जत्रेत लाउडस्पीकरवर तो वाजताना ऐकला, तेव्हा शेजारच्या माणसाला ‘हे मी वाजवलंय’ म्हणायचीसुद्धा लाज वाटली. पुरावा काय दाखवणार?

बीटल्सभक्त एव्हाना खूश झाले असतील की आपण सुटलो. थांबा. १९६६ च्या ‘रिव्हॉल्व्हर’मध्ये जॉर्ज हॅरिसनच्या ‘लव्ह यू टू’वर तबला आहे, तो अनिल भागवत यांचा. बीटल्सच्या अल्बमच्या मागच्या कव्हरवर ‘भागवत’ हे आपल्या ओळखीचं आडनाव छापलेलं आहे, आणि आपल्याला त्याचा पत्ता नाही! हॅरिसनच्या बाजूने ही नोंद करायलाच हवी. पण पुढच्याच वर्षीच्या ‘सार्जंट पेपर’मध्ये ‘विदिन यू विदाउट यू’ हे प्रामुख्याने भारतीय वाद्यांवर उभं असलेलं गाणं आहे, आणि त्या वेळी कव्हरवर वादकांपैकी एकाचंही नाव नव्हतं. नावं पुढे आली ती कित्येक दशकांनी. तबला नटवर सोनी, तानपुरा बुद्धदेव कनसारा, दिलरुबा अमृत गज्जर आणि अण्णा जोशी. अण्णा जोशी! लंडनमध्ये बसून जगातल्या सर्वांत गाजलेल्या रेकॉर्डवर दिलरुबा वाजवणारे अण्णा जोशी. (आपल्याकडे वेगळं काय होतं म्हणा. हिंदी सिनेमाचं सोन्यासारखं संगीत ज्यांनी स्वरलिपीत उतरवलं आणि वाद्यवृंदाला बसवून दिलं, त्या गोव्याच्या सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांची नावं किती जणांना पटकन आठवतात?)

ग्रुपवर मला विचारलं गेलं की तुझं म्हणणं तरी काय, नावं छापली की झालं? इतिहासाला काय फरक पडतो? फरक पडतो, आणि तो आपल्या कायद्यात लिहिलेला आहे. २०१२ साली आपल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. जावेद अख्तर त्यासाठी राज्यसभेत बोलले होते, ते अनेकांना आठवत असेल. गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा असा हक्क मिळाला, जो निर्मात्याला एकरकमी विकून टाकता येत नाही. चांगलीच गोष्ट. पण त्याच दुरुस्तीत ‘कलाकार’ कोण याच्या व्याख्येला एक शेपूट आहे. सिनेमात ज्याचं काम किरकोळ किंवा प्रासंगिक आहे आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीत कुठेच येत नाही, त्याला एका मर्यादित नैतिक हक्कापलीकडे कलाकार धरायचं नाही. म्हणजे रिवाज असा की नाव द्यायचं नाही, आणि नाव नाही हाच तुमच्याविरुद्ध एक मुद्दा! किरकोळ काय ते ठरवणार कोण? चौदा वर्षं लोक ज्या आवाजासाठी रेकॉर्ड घेत राहिले, त्याचा भाव त्या रविवारी तीस पौंडच ठरला होता.

तर माझा दुसरा रकाना मी असा भरला. सर्वांत प्रभावशाली रॉक बँड: मडी वॉटर्सचा १९५४ च्या आसपासचा शिकागोचा ताफा. गिटारवर स्वतः मडी आणि जिमी रॉजर्स, हार्मोनिकावर लिटल वॉल्टर, पियानोवर ओटिस स्पॅन, रेकॉर्डिंगला बेसवर विली डिक्सन. विजेची गिटार, मागे ड्रम्स, पुढे छाती काढून गाणारा माणूस, पुढच्या सगळ्या बँडचा साचा इथे तयार आहे. १९५८ साली मडी इंग्लंडला गेला तेव्हा त्याच्या गिटारच्या आवाजानेच तिथले काही रसिक दचकले होते. दहा वर्षांनी त्याच देशातली पोरं त्याहून मोठ्या आवाजात तेच वाजवून अमेरिकेत स्टेडियम भरत होती.

‘हा रॉक बँडच नाही, ब्लूज आहे’ म्हणून माझं मत बाद करण्यात आलं. सात विरुद्ध एक. डिक्सनलाही रॉकच्या हॉल ऑफ फेममध्ये १९९४ साली घेतलं ते ‘सुरुवातीचा प्रभाव’ या वेगळ्या कप्प्यात, तो वारल्यावर दोन वर्षांनी. तोवर त्याने ‘ब्लूज हेवन फाउंडेशन’ नावाची संस्था काढून ठेवली होती, म्हाताऱ्या ब्लूज कलाकारांना त्यांच्या गाण्यांचे हक्क परत मिळवून द्यायला. पुढे त्याच्या पत्नीने चेस रेकॉर्ड्सची जुनी इमारत विकत घेतली. २१२० साउथ मिशिगन अव्हेन्यू, शिकागो. संस्था आता तिथेच आहे.

‘यू नीड लव्ह’ आधी ऐका, मग स्मॉल फेसेस, मग ‘होल लॉटा लव्ह’. याच क्रमाने, हेडफोन लावून. दहा-बारा मिनिटांचं काम आहे. नंतर कॉमेंटमध्ये भांडायला या. सॅबथवाल्यांनी रुसू नये, बर्मिंगहॅमच्या कारखान्यात बोटांची टोकं गमावलेल्या टोनी आयोमीवर वेगळं लिहिणार आहे.